भिंतीचं ताट

स्कीरोस, ६ सप्टेंबर १९५६

स्मारो, पोरी,

मास्तर म्हणतात, पत्राची सुरुवात 'आम्ही सर्व येथे सुखरूप असून तुमची खुशाली चिंतितो' अशी करायची असते. मी म्हटलं, मास्तर, 'आम्ही सर्व' म्हणजे मी, माझी नात, एक शेळी आणि चार कोंबड्या. शेळी सुखरूप नाही, मागच्या पायानं लंगडतेय. तेव्हा खरं असेल तेवढंच लिहा. चाळीस वर्षं पोरांना शुद्धलेखन शिकवून ह्यांच्या हाताला गोड खोटं लिहायची सवय लागलीय. हे वाक्य लिहिताना त्यांचं नाक कसं फुगलंय ते बघायला तू इथं हवी होतीस.

ताट पोचलं. अख्खं पोचलं. बोटीवरच्या माणसानं पेंढ्यात गुंडाळून अंड्यासारखं छातीशी धरून आणलं. मी पेंढा सोडला तर तुझी झाफिरुला माझ्या कोपराखालून डोकावली आणि म्हणाली, "आजी, ही आई आहे." मी म्हटलं, हा पक्षी आहे. "नाही, आईच आहे. डोक्याला पिवळा रुमाल बांधलाय." आता तुझ्या पक्ष्याला तू तुझाच रुमाल बांधलास, तर पोरीशी मी काय वाद घालू?

चुलीवरच्या भिंतीला, तिसऱ्या ओळीत, माझ्या आजीच्या दोन ताटांच्या मधे लावलंय. शेजारची देस्पो येऊन अर्धा तास मान वाकडी करून उभी होती. म्हणाली, "हात चांगला आहे स्मारोचा. पण पक्ष्याच्या डोक्यावर रुमाल कुणी पाहिलाय?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर टोपी रोज बघतो आम्ही, कुणी काही बोलतं का?"

पोरीनं विचारलं, "मी ह्यात जेवू?" मी सांगितलं, भिंतीचं ताट भिंतीला, पोटाचं ताट पोटाला. तुला आठवत असेल, जर्मनांच्या वेळच्या उपासमारीत मान्योच्या घरच्यांनी घरातली भांडी विकली आणि भिंतीवरची ताटं उतरवून त्यात पेज खाल्ली. पंधरा वर्षं झाली, गावात अजून त्यांना 'भिंतखाऊ' म्हणतात. त्यांच्या मुलीला स्थळ मिळालं ते थेट एविया बेटावरचं, जिथं हे ठाऊक नव्हतं.

आता जे सांगायला मास्तरांना बसवलंय ते. पोर खात नाही. तू गेल्याला अठरा दिवस झाले. दुधात भिजवलेला पाव गालात धरून बसते, तो आंबतो, मग कोंबडी खाते. कोंबड्या गुबगुबीत झाल्यात. माझं नाव तिला दिलंस, हट्टही माझाच उचललाय. हे घर आणि ही भिंत आपल्या रीतीनं माझ्यामागं तिचीच आहे. पण भिंत सांभाळायला आधी अंगात रक्त लागतं. बाप समुद्रात गेला, आई अथेन्सला, आणि माझ्या स्वयंपाकाला तर तूही कधी चांगलं म्हणाली नाहीस.

तू काळजी करू नकोस. मी काहीतरी करते.

तुझी आई झाफिरा. हा माझा अंगठा. बाजूचा डाग मास्तरांच्या बाहीचा.


मारुसी, अथेन्स, २३ सप्टेंबर १९५६

आई,

तुझं पत्र कारखान्यात बाकावरच्या अकराही बायकांना वाचून दाखवलं. देस्पोच्या नवऱ्याच्या टोपीपाशी मालक आत आला, तरी हसू थांबेना. मास्तरांना माझा नमस्कार सांग. त्यांनी गिरवून घेतलेलं अक्षर अजून मोडलं नाही.

सकाळी सातला सुरू होतं. चाकावर ताट फिरवायचं आणि कुंचला नुसता टेकवायचा, की कडेची रेघ आपोआप गोल येते. मग मधे पक्षी, जहाज, कार्नेशनची फुलं. दिवसाला चाळीस. परदेशी पाहुणे घेऊन जातात आणि म्हणे तेही भिंतीलाच लावतात. रंग वाळला की वांगेलिओ ती ताटं झिलईच्या टबात बुडवते. झिलई दुधासारखी पांढरी असते. भट्टीतून निघाली की तिची काच होते आणि खालचे रंग ओले असल्यासारखे चमकतात. वांगेलिओचे हात कोपरापर्यंत पांढरे. ती म्हणते, मी बघ, कायम लग्नाचे हातमोजे घालून फिरते.

मालक वाईट नाही. रोज दहा वाजता प्रत्येकीला एक पेला दूध देतो. म्हणतो, दुधानं आतली धूळ धुतली जाते. 

झाफिरुलाला इकडे पाठवायचं तू मनातही आणू नकोस. एका बाईचा मुलगा लहानपणापासून बाकाखाली झोपायचा. आता चार वर्षांचा आहे आणि बोलत नाही. ही धूळ लहान जिवांना चांगली नाही. मला शिवणकामाची जागा मिळाली की मग तिला आणीन, शाळेत घालीन. तोवर तुझ्यापाशी, तिकडच्या स्वच्छ हवेत राहू दे. मी इथं कशासाठी हाडं झिजवतेय ते ह्या एका गोष्टीसाठी.

ती ताटाकडे बघते का? पक्ष्याचा डोळा मी सगळ्यांत शेवटी काढला. दोन दिवस जमत नव्हता.

स्मारो


स्कीरोस, २ नोव्हेंबर १९५६

पोरी,

खाते. बस, एवढंच लिहून पत्र पाठवणार होते, पण मास्तर म्हणाले तिकिटाचे पैसे सारखेच लागतात.

सकाळ-संध्याकाळ खाते, आणि शेवटचा थेंबसुद्धा जिभेनं पुसून घेते. मसूर खाते. रानभाजी लिंबू पिळून खाते. अंड्या-लिंबाचं सार केलं तर दोनदा मागते. तुझ्यासारखीच आंबट जीभ आहे. परवा देस्पोच्या पोराला तिनं ढकलून पाडलं, इतका जोर आलाय.

काय जादू केली म्हणून विचारशील. सांगते, पण तू मोठी झालीयस, हसशील. भिंतीवरचा पक्षी दिवसातून दोनदा खाली उतरतो आणि तिच्यापुढे बसतो. तिनं खाल्लं नाही तर तो दिसत नाही. खात गेली की आधी रुमाल दिसतो, मग डोळा, मग चोच. सगळा दिसला की जेवण संपलं. मग ती त्याला सांगते, "आई, संपवलं." मग पक्षी आंघोळ करून परत भिंतीवर.

मास्तर विचारतात, ह्याचा अर्थ काय. मी म्हटलं, सांगते ते लिहा, अर्थ लावायचा पगार सरकार तुम्हाला आता देत नाही.

जेवताना दार लावून घेते. देस्पोला दुसऱ्याच्या घरचा वास आला की पाय निघत नाही.

आई


मारुसी, २५ नोव्हेंबर १९५६

आई,

पक्षी उतरून येतो ती गोष्ट मी रात्री अंथरुणात स्वतःला सांगते. मला लहानपणी तू असलं काही सांगितलं नाहीस. मला आपलं "गीळ, नाहीतर शेळीला देईन".

इथं एक वाईट झालं. वांगेलिओचा उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. बोटं हलतात, पण पंजा वर उचलत नाही, मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा पडतो. त्याआधी महिनाभर पोटात कळा येत होत्या, शौचाला होत नव्हतं, चेहरा मेणासारखा. आम्ही तिला म्हणायचो, दिवस गेलेत तुला. डॉक्टरनं तिचा ओठ वर करून आम्हाला दाखवलं, हिरडीच्या कडेनं निळसर रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. म्हणाला, शिसं. झिलईत शिशाची पूड असते, त्यानंच चमक येते. ती पूड बायकांच्या पोटात जाते. मालकानं तिला घरी पाठवलं आणि आमचा दुधाचा पेला मोठा केला. तो म्हणतो, धोका काय तो पुडीचा, भट्टीतून निघालं की शिसं काचेत बंद. माझं काम रंगाचं आहे, टबाचं नाही, तेव्हा तू घाबरू नकोस.

नाताळला जाणं-येणं धरून पाच दिवसांची रजा मिळालीय. येते. तिला सांगू नकोस, बोट चुकली तर रडेल.

स्मारो


स्कीरोस, १४ जानेवारी १९५७

स्मारो,

तू गेलीस आणि घरात पुन्हा तेच सुरू झालं. तू होतीस ते तीन दिवस तुझ्या कोटात तोंड खुपसून बसली होती, धड जेवली नाही, सारखी भिंतीकडे बघत होती. तू म्हणालीस, लाडावलीय. मी तिला डोळ्यांनी दटावत होते ते तुला दिसलं नाही, बरं झालं.

सहा तारखेच्या थेओफानियाच्या सणापासून तिचं पोट दुखतंय. गुडघे छातीशी घेऊन पडते. चार-चार दिवस शौचाला होत नाही. रंग गेलाय. काल दोन पायऱ्यांवरून पडली, त्याच पायऱ्या ज्या ती डोळे मिटून चढायची. आणि राग. कोंबडीला पाय धरून भिंतीवर आपटलं. मग स्वतःच रडत बसली.

डॉक्टर पंधरवड्याच्या बोटीनं आला होता. कोवळा आहे, मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही. जंत म्हणाला, पूड देऊन गेला. मी दृष्ट काढली. पाण्यात तेलाचा थेंब तिन्ही वेळा विरघळून गेला, म्हणजे लागलीच आहे कुणाचीतरी, आणि कुणाची ते मी मास्तरांना लिहायला लावणार नाही, भिंत पातळ आहे. पोट साफ व्हावं म्हणून मसुरात व्हिनेगर जास्त घालते, सारात दोन लिंबं पिळते. ती तेवढं तरी घेते. पक्षी उतरल्याशिवाय मात्र घास तोंडात घेत नाही.

आणखी एक. तुझ्या ताटाचा रंग उडालाय. चोचीचा तांबडा फिका झाला, रुमाल पांढुरका दिसतो, चमक गेली, बोट फिरवलं तर खरखर लागते. तुझ्या मालकानं झिलईत पाणी घातलेलं दिसतंय. माझ्या आजीची ताटं दीडशे वर्षांची आहेत, कालची वाटतात. दुसरं पाठव. रुमालवाला पक्षीच हवा, जहाज नको.

आई


मारुसी, २८ जानेवारी १९५७

आई,

तुझं पत्र आज दुपारी आलं आणि बाकावर बसूनच हे लिहितेय.

आधी पोरीचं. दिवस न घालवता तिचा ओठ वर करून बघ. दाराशी उजेडात नेऊन बघ. हिरडीला निळी रेघ आहे का? असली तर जंतांची पूड फेकून दे आणि पहिल्या बोटीनं तिला घेऊन किमी बंदरावर ये, मी तिथं धक्क्यावर उभी असेन. इथं अथेन्सला मुलांचं इस्पितळ आहे. तू जे लिहिलंस, पोट, शौच, मेणासारखा रंग, ते वांगेलिओचंच आहे. मी तिला कारखान्यापासून लांब, समुद्रापलीकडे ठेवलं, तिच्यापाशी शिसं येईल कुठून, हे कळत नाही. माझ्या मनात एक येतं, पण ते लिहायला हात धजत नाही.

ताटाचं. मला राग आला, मी मालकाला नाही, सरळ भट्टीवाल्या थोदोरीसकाकांना जाऊन विचारलं. झिलईत पाणी घातलं का म्हणून. ते हसायला लागले. म्हणाले, "भिंतीवर राहून झिलई शंभर वर्षांत मरत नाही. तिला दोनच गोष्टी खातात, लिंबू आणि व्हिनेगर. मग तिच्यातलं शिसं सुटून खाण्यात उतरतं. तुझ्या आईला विचार, ताटात कोशिंबीर कालवते का." मी म्हटलं, काका, आमच्या बेटावर भिंतीच्या ताटात कुणी जेवत नाही, तेवढी वेळ आमच्यावर आलेली नाही. बाकीच्या बायकाही हसल्या. खारा वारा लागला असेल. दुसरं रंगवून ठेवलंय, पण ते नंतर. आधी पोरीला आण.

आजच टाकते. देव करो आणि वारा पडो.

स्मारो


स्कीरोस, १० फेब्रुवारी १९५७

श्रीमती स्मारो यांस,

आपल्या मातोश्री काही सांगण्याच्या स्थितीत नाहीत, म्हणून या वेळी हे शब्द माझे आहेत. तार आपल्याला मिळालीच असेल.

झाफिरुलाला मंगळवारी संध्याकाळी पहिला झटका आला. त्यानंतर ती कुणाला ओळखेना. एकामागून एक झटके येत राहिले. दक्षिणेचा वारा असल्याने बोट नऊ दिवस किमीलाच अडकून होती. डॉक्टरांना आणणे अथवा मुलीला नेणे शक्य झाले नाही. गुरुवार, ७ तारखेस पहाटे ती गेली. शुक्रवारी तिला आपल्या यजमानांच्या रिकाम्या थडग्याशेजारी ठेवले. आपल्यासाठी थांबता आले नाही याची क्षमा असावी.

आपले २८ तारखेचे पत्र शनिवारच्या बोटीने आले. मी ते त्यांना वाचून दाखवले. हिरडीविषयीचा मजकूर त्यांनी शांतपणे ऐकला. भट्टीवाल्यांच्या विनोदापाशी मात्र त्यांनी मला थांबवले आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा. नंतर म्हणाल्या, "मास्तर, आता घरी जा." त्या प्रसंगी तो विनोद मी गाळायला हवा होता. मला सुचले नाही.

आपला,
स्त्रातीस मास्तर


मारुसी, २२ फेब्रुवारी १९५७

आई,

मागच्या पत्रात जे लिहिलं नव्हतं ते आता लिहिते.

माझा कोट होता तो. नाताळला निघताना घाई झाली, मी कारखान्यातला कोटच अंगात घालून बोटीत चढले. झटकला होता, धुतला नव्हता. तीन दिवस तिनं त्यात तोंड खुपसलं, तू स्वतः लिहिलंस. बाही चोखत झोपायची, मी बघत होते, मला गोड वाटत होतं. मी गेले आणि पंधरा दिवसांत तिला कळा सुरू झाल्या. हिशोब सरळ आहे. दुसरं काहीही तिच्यापर्यंत पोचू शकत नव्हतं. तू तिला जगवलं होतंस, मी येऊन मारलं.

कोट जाळला.

चाळिसाव्या दिवसाला येणार नाही. तू रीतीप्रमाणे गहू शिजवून लोकांना वाट, पण माझं नाव घेऊ नकोस. मला तिच्या मातीपुढे उभं राहायचं तोंड नाही.

वांगेलिओच्या टबापाशी उभं राहायला कुणी तयार नव्हतं. मी मालकाला म्हटलं, मला द्या. आठ दिवस झाले. दूध घेत नाही. दहा वाजता पेला आला की शेजारणीला देते. कोपरापर्यंत हात पांढरे होतात आणि मला त्यातल्या त्यात बरं वाटतं.

मला लिहू नकोस. 

स्मारो


स्कीरोस, १२ मार्च १९५७

स्मारो,

तू लिहू नकोस म्हणालीस, मी मास्तरांना बसवलंय. त्यांना बजावलंय की एक शब्द गोड करायचा नाही आणि एक शब्द गाळायचा नाही. गाळला तर मला वाचता येत नाही, पण त्यांच्या कानांवरून कळतं, खोटं लिहिताना त्यांचे कान हलतात.

कोट नव्हता. ताट होतं.

पक्षी उतरतो ही मी रचलेली गोष्ट नव्हती. ताट खरोखरच उतरवत होते. सप्टेंबरच्या शेवटापासून, रोज दोनदा. तारेवरून काढायचं, मसूर वाढायचे, व्हिनेगर घालायचं, पोरीपुढे ठेवायचं. ती पक्षी शोधत शोधत खायची. रंग उडाला तो त्यामुळे. मी लिंबू पिळत होते आणि झिलई सुटत होती आणि ती जिभेनं पुसून घेत होती. पोट दुखलं तर मी आणखी लिंबू पिळलं. तुझ्या कोटाआधी तीन महिने तिच्या पोटात शिसं जात होतं. नाताळात तू आलीस ते तीन दिवस मी ताट भिंतीवर ठेवलं, म्हणून ती जेवली नाही. तुझ्या त्या तीन दिवसांतच फक्त ती ह्यातून सुटली होती.

तुला का सांगितलं नाही? भिंतखाऊ म्हणतील म्हणून. तू म्हणशील, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी. दार लावून घेत होते ते देस्पोच्या नाकासाठी नाही, तिच्या डोळ्यांसाठी. तू नाताळला विचारलं असतंस तरी मी खोटं बोलले असते. मी पंधरा वर्षं मान्योच्या घराला आणि अशाच आणखी दोघांच्या घराला हसलेय, आता मला हसतील ही भीती पोटात होती. पोरीच्या पोटात काय होतं ते मी विचारलं नाही.

मास्तरांनी तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं. तिसऱ्यांदा वाचून घेतलं ते चुकून वेगळं निघेल म्हणून. त्यानंतरही महिनाभर गप्प बसले. ते लोकांच्या हसण्यासाठी नाही. तुला कळलं तर तू मला टाकशील म्हणून. वाटलं, तिची पोर गेली, माझी तरी राहू दे. मग तुझं कोटाचं आणि टबाचं पत्र आलं. मास्तर वाचताना थांबले, मी म्हटलं, वाचा. त्या दिवशी बोलायला हवं होतं, नाही बोलले. आणखी दहा दिवस काढले. रोज सकाळी वाटायचं, आज. आज तुझे हात किती वर पांढरे झाले असतील, एवढंच डोळ्यांपुढे यायचं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या अंगणात उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं. ताट हातात होतं. कशात काय घातलं, किती दिवस, सगळं. लहान पोरांच्या आया पुढे होत्या, त्यांना ताटाला हात लावून खरखर दाखवली. कुणी हसलं नाही. देस्पो एक शब्द बोलली नाही. देस्पो बोलली नाही ह्यावरून काय ते समज. मान्योची म्हातारी मात्र जवळ आली आणि म्हणाली, "आम्ही नुसती पेज खाल्ली होती गं, त्यात लिंबू पिळायला आम्हाला मिळालं असतं तर आमचंही हेच झालं असतं." मग तीच मला हाताला धरून घरी घेऊन आली.

आता ऐक. तू पक्षी भिंतीसाठी रंगवलास, तो मी पोटासाठी उतरवला. तुझ्या हाताचा ह्यात दोष नाही. त्या टबातून हात काढ. मला शिक्षा म्हणून येऊ नको, लिहू नको, माझ्या मातीला येऊ नको, हे सगळं मी घेते. पण माझ्या करणीची शिक्षा तू तुझ्या हाडांत भरून घेऊ नकोस. दूध घे. मी तुझ्यापाशी कधी काही मागितलं नाही, उलट टोमणेच मारले. हे एक मागते.

मास्तर रडतायत. त्यांना शाई पसरू नका म्हणून सांगितलंय.

झाफिरा


मारुसी, १६ जून १९५७

तीन महिने तुझं पत्र उशीखाली होतं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

टब सोडला. पत्र आलं त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. डॉक्टरनं माझी हिरडी बघितली, रेघ आहे पण पुसट. दूध घेते. तू मागितलंस म्हणून नाही, वांगेलिओनं लोंबत्या हातानं पेला माझ्या तोंडाला लावला म्हणून.

मालकाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताटाच्या पाठीवर छापू, 'खाण्यासाठी नाही'. त्यानं तसा शिक्का करून घेतला, आता प्रत्येक ताटाला लागतो. भला माणूस आहे. पण मी त्या शिक्क्याकडे बघते आणि मला तू दिसतेस, ताट उलटं करून ती अक्षरं अंगठ्यानं चाचपताना. तुला ती कार्नेशनसारखीच दिसली असती.

मी ते काम सोडलंय. थोदोरीसकाकांच्या मेहुण्याची गल्लीच्या टोकाला छोटी भट्टी आहे. तिथं शिशाची झिलई नाही, त्यामुळे चमक कमी आहे आणि गिऱ्हाईकही कमी आहे. शिवणकामाची जागा मिळाली होती, नको म्हटलं. आता ती कुणासाठी.

मी तिकडे येणार नाही. अजून नाही. तुझ्या हातचं काही माझ्या घशाखाली उतरेल असं मला वाटत नाही, आणि तुझ्या घरात येऊन उपाशी बसणं म्हणजे तुला दुसऱ्यांदा मारणं. पुढच्या वर्षी विचार करीन. तोवर शेळीच्या पायाचं बघ, आणि हिवाळ्याच्या आधी छपराला चुना लावून घे, दरवर्षी उशीर करतेस.

ह्या बोटीनं मास्तरांकडे एक ताट पाठवलंय. पक्षी नाही, नुसती कडेची रेघ आणि पानं. तू विचारशील की मधोमध काय झालंय, फुटलं का. फुटलं नाही. माती ओली असतानाच मी तळाला आरपार भोक पाडते, अंगठा जाईल एवढं, आणि मगच रंगवते. आता मी रंगवते त्या प्रत्येक ताटाला पाडते. मेहुणा म्हणतो, असलं कोण घेणार. काही जण घेतात. भिंतीला ते नीट लागतं, लांबून भोकही मुद्दाम काढलेल्या काळ्या फुलासारखं दिसतं. वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

पाठवायच्या आधी मी त्यात सार ओतून पाहिलं. टिकत नाही.

स्मारो